उल्हासकाठची न चावणारी चिलटं

बदलापूरच्या शिरगावात दिवेलागणीला ट्यूबलाइटभोवती आणि बाल्कनीच्या भिंतीवर डासासारखे किडे येऊन बसतात. ते सगळेच डास नसतात. त्यातला एखादा स्वस्थ बसलेला असताना जरा जवळ जाऊन बघा. डास बसताना मागचे पाय वर उचलतो. याचे उचललेले पाय पुढचे असतील, लांब सोंड दिसणार नाही, पंख अंगापेक्षा आखूड असतील आणि नर असेल तर डोक्यावर पिसांसारख्या भरघोस मिशा असतील, तर हा कायरोनोमिड. रक्त प्यायला लागणारं तोंडच त्याला नाही. बऱ्याच जातींचे प्रौढ काही खातसुद्धा नाहीत. काही दिवसांच्या आयुष्यात जोडीदार शोधायचा, पाण्यात अंडी घालायची आणि संपायचं.

संध्याकाळी रस्त्यात डोक्यावर जो घुमणारा थवा दिसतो, तोही पुष्कळदा यांचाच. थव्यात जवळजवळ सगळे नर असतात. मादीच्या पंखांचा आवाज त्यांना त्या केसाळ मिशांनी कळतो. मादी थव्यात शिरली की मीलन होतं आणि ती पाण्याकडे वळते. चिकट, पारदर्शक जेलीत गुंफलेली तिची शेकडो अंडी काडीला किंवा दगडाला चिकटून राहतात.

अंड्यातून निघालेली अळी चार अवस्थांतून वाढते. तोंडातून निघणाऱ्या रेशमाने माती आणि कुजका पाला जोडून बऱ्याच जातींच्या अळ्या स्वतःपुरती नळी बांधतात. नळीत अंग हेलकावत त्या पाणी आत ओढून घेतात. त्या पाण्यातून प्राणवायूही मिळतो आणि अन्नाचे कणही. कायरोनोमस आणि त्याच्या जवळच्या काही प्रजातींच्या अळ्या लालभडक असतात. मासे पाळणारे त्यांना ब्लडवर्म म्हणतात. मत्स्यालयाच्या दुकानांत त्या गोठवलेल्या वड्यांच्या रूपात मिळतात. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तात ते पेशींत असतं, इथे थेट अंगातल्या द्रवात विरघळलेलं. त्याच्या बळावर प्राणवायू जवळपास संपलेल्या गाळातही ही अळी तगून राहते.

नदीबद्दल या किड्याला विचारावं ते इथेच. जगात कायरोनोमिडांच्या सहा-सात हजारांवर जातींची नोंद झालेली आहे आणि प्रत्येकीची आवड वेगळी. काहींना खळाळतं, गार, दगडगोट्यांवरचं पाणी लागतं. ऑर्थोक्लॅडिनी उपकुळातल्या कित्येक जाती अशा आहेत. काहींना संथ डोह आणि पाणवनस्पती आवडतात. सांडपाण्याच्या काळ्या गाळात मात्र निवडक लाल अळ्याच उरतात, आणि त्या प्रचंड संख्येने. ‘इथे कायरोनोमिड आहेत’ एवढ्या नोंदीला म्हणूनच काही किंमत नाही. किती जाती आहेत, कोणत्या आहेत आणि कोणत्या गळाल्या, हे कळलं तर पाण्याची हकिगत कळते. प्रयोगशाळेत नेलेलं बाटलीभर पाणी त्या क्षणापुरतं बोलतं. अळी त्याच गाळात आठवडेच्या आठवडे राहिलेली असते.

अशा पाहणीसाठी उल्हासच्या खोऱ्याइतकं बोलकं खोरं मुंबईच्या आसपास मला तरी दुसरं दिसत नाही. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगवलेली ही नदी कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. पुढे बारवी, काळू, भातसा यांचं पाणी घेऊन कल्याणवरून वसईच्या खाडीकडे जाते. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात खडकांतल्या डबक्यांपुरत्या उरतात, उल्हास मात्र वाहती राहते. याचं एक मोठं कारण घाटमाथ्यावर आहे. आंध्रा धरणाचं पाणी १९२२ साली सुरू झालेल्या टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून खाली येतं आणि या खोऱ्याला मिळतं. पूर्वेला जाणारं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं आणि त्यावर काठच्या शहरांची तहान भागते. बदलापूरच्या बंधाऱ्यातून पाणी उचललं जातं, आणि खोऱ्यातलं दुसरं मोठं साठवण म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचं बारवी धरण. वर्षभर वाहतं पाणी, बंधाऱ्यामागचं संथ पाणी आणि धरणाचा खोल तळ ही कायरोनोमिडांसाठी तीन निरनिराळी घरं आहेत.

चौथं घर वालधुनी नदी. अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरातून ती निघते, अकराव्या शतकातल्या शिवमंदिराच्या अंगणाशेजारून जाते आणि उल्हासनगरमार्गे कल्याणकडे उतरते. कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी घेऊन तिचं काय झालंय, हे त्या मंदिरात गेलेल्या कुणालाही नाक सांगतं. एका खोऱ्यात, लोकलच्या काही स्टेशनांच्या अंतरात, डोंगरातलं स्वच्छ पाणी आणि मेल्यासारखी नदी दोन्ही सापडतात. अभ्यासकाला तुलनेसाठी आणखी काय हवं?

पाहणीची पद्धत साधी आहे आणि तिला शंभर वर्षांहून जास्त परंपरा आहे. अळीचा कोष पाण्यातच होतो. प्रौढ किडा पृष्ठभागावर येऊन कोषाची कात फोडतो आणि उडून जातो. रिकामी कात तरंगत राहते. जर्मन जलशास्त्रज्ञ ऑगस्ट टीनेमान यांनी १९१० च्या सुमारास सुचवलं की या काती गोळा केल्या तर पाण्यात कोण राहतं ते कळेल. वाऱ्याने आणि प्रवाहाने त्या काठाच्या फेसात, अडकलेल्या काटक्यांमागे, जलपर्णीच्या कडेला साचतात. बारीक जाळी फिरवली की शेकडो हाती लागतात. दगड उलथायचा नाही, गाळ ढवळायचा नाही, एकही जीव मारायचा नाही. शिवाय तळ खोल असो की उथळ, वरच्या अंगाला वेगवेगळ्या ठिकाणी राहणाऱ्या जाती एकाच फेसात भेटतात. काती एक-दोन दिवसांत बुडतात किंवा कुजतात, त्यामुळे मिळालेली नोंद अगदी ताजी असते.

कष्ट आहेत ते ओळख पटवण्यात. कातींच्या जोडीला अळ्याही तपासायच्या असतील, तर अळीची ओळख तिच्या डोक्याच्या खालच्या बाजूला असलेल्या दातेरी पट्टीवरून होते. डोकं वेगळं करून काचपट्टीवर बसवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दात मोजायचे. या दातांतून आणखी एक गोष्ट कळते. जड धातू आणि काही रसायनं असलेल्या गाळात वाढलेल्या अळ्यांचे दात वेडेवाकडे होतात, एखादा गायब असतो, एखादा जोडून आलेला असतो. १९७० च्या दशकापासून अनेक देशांत अशा विकृतींचं प्रमाण मोजून गाळाचं विष जोखलं गेलं आहे. उल्हासनगर-अंबरनाथच्या गाळातली हजारभर डोकी कुणी अशी तपासली, तर हाती येणारा आकडा एखाद्या जाडजूड अहवालापेक्षा जास्त सांगेल, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे या किड्यांची विद्या नवी नाही. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जमा झालेले नमुने विसाव्या शतकाच्या आरंभी किफर नावाच्या धर्मगुरू-कीटकतज्ज्ञाने युरोपात बसून वर्णिले. पुढे बर्दवान विद्यापीठात पी. के. चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय जातींचं प्रचंड काम केलं. त्यांनी १९९२ साली वर्णन केलेली कायरोनोमस रॅमोसस ही जात महाराष्ट्रातल्या संशोधनाचा मोठा आधार ठरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बिमलेंदू नाथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर दीर्घकाळ काम केलं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांसह केलेल्या प्रयोगांत दिसलं की माणूस ज्या मात्रेने दगावतो तिच्या कित्येक पट गॅमा किरणं ही अळी सोसते. पाण्याखाली विणल्या जाणाऱ्या तिच्या रेशमाचाही तिथे अभ्यास झाला आहे.

कायरोनोमिडांच्या कुळाचा चिवटपणा सगळीकडे असाच. अंटार्क्टिकात कायम राहणारा बिनपंखी बेल्जिका याच कुळातला. हिमालयाच्या हिमनदीवर शून्याखाली सोळा अंशांवरही चालणारा डायमेसा याच कुळातला. आफ्रिकेतल्या खडकांवरच्या डबक्यांत राहणारी एक अळी पूर्ण वाळून वर्षानुवर्षं पडून राहते आणि पाणी पडलं की पुन्हा वळवळू लागते.

चावत नाहीत म्हणून ही चिलटं सर्वस्वी निरुपद्रवी आहेत, असंही नाही. सुदानमध्ये नाईलकाठी त्यांच्या अफाट थव्यांमुळे लोकांना दम्याचा त्रास झाल्याची नोंद आहे. अंगातलं हिमोग्लोबिनच तिथे ॲलर्जीला कारण ठरतं. पण डेंग्यू आणि मलेरिया यांच्यामुळे होत नाही. चिलटांचे थवे दिसले की धुराची गाडी मागवणं हा पैशाचा आणि औषधाचा अपव्यय आहे. लाल अळ्यांची गर्दी कमी करायची तर नाल्यातलं मैलापाणी थांबवावं लागतं; दुसरा उपाय टिकत नाही. आणि या किड्यांवर मासे, चतुर, पाकोळ्या आणि वटवाघळं पोसली जातात, हेही विसरू नये.

उल्हासच्या खोऱ्याची कायरोनोमिड-सूची व्हायला हवी आणि ती इथल्याच मुलांनी करावी. कर्जत, बदलापूरचा बंधारा, बारवी, उल्हासकाठचं रायता गाव आणि वालधुनी अशी पाच ठिकाणं निवडा. वर्षभर महिन्यातून एकदा जाळी फिरवा, काती अल्कोहोलमध्ये ठेवा आणि प्रत्येक कुपीवर ठिकाण व तारीख पेन्सिलीने लिहा, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. भारतातल्या कित्येक जाती फक्त प्रौढ नरांवरून वर्णिलेल्या आहेत, तेव्हा काही अळ्या जिवंत पाळून त्यांतून कोणता किडा निघतो तेही पाहावं लागेल. ओळखीसाठी पुण्याचं विद्यापीठ आहे आणि आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कल्याण-उल्हासनगर-बदलापूरच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की यंदाच्या प्रकल्पाचा विषय म्हणून मुलांना हीच नदी द्या.