ऑल-इन-वन घेता का भाऊ? मंग आधी पाठ पाहा!

दुकानात टेबलावर नवाकोरा ऑल-इन-वन मांडलेला असतो. बाकीचं गिऱ्हाईक समोरून पाहतं: पडदा केवढा, कडा किती बारीक, कीबोर्ड-माऊस सोबत मिळतो की नाही. ज्याला कॉम्प्युटरचा नाद आहे तो मात्र आल्या आल्या मशीनच्या मागे जातो आणि विचारतो, "भाऊ, याची पाठ उघडते का?"

अमरावती असो की अकोला, हौशी मंडळींचा खल इथूनच सुरू होतो. रॅम आत्ताच जास्त घ्यावी की मागून टाकावी? आय-फाइव्ह की आय-सेव्हन? आणि खास वऱ्हाडातला प्रश्न: "मे महिन्यात टिकते का बाप्पा हे?" या प्रश्नांची उत्तरं मोठी मजेशीर आहेत आणि किमतीच्या पाटीवर ती कधीच लिहिलेली नसतात.

दिसतो डेस्कटॉप, आतून लॅपटॉप

घरगुती ऑल-इन-वनच्या पोटात बहुतेक वेळा लॅपटॉपचेच भाग असतात: लॅपटॉपची रॅम, लॅपटॉपचा प्रोसेसर आणि बाहेर तसाच अडॅप्टर. ओळखायचं असेल तर प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचा. इंटेलच्या 'आय-फाइव्ह १२३५'पुढे 'यू' लागलेला असतो. तो मूळ १५ वॉटचा, कमी विजेवर चालणारा. 'एच' असेल तर ताकदीच्या लॅपटॉपमधला. हे दोन्ही मदरबोर्डला डाग देऊन पक्के केलेले असतात. आज घेतला तोच शेवटपर्यंत.

'टी' दिसला तर थांबा. तो ३५ वॉटचा डेस्कटॉप-प्रोसेसर, सॉकेटात बसणारा आणि म्हणूनच बदलता येणारा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स आणि एचपीच्या प्रोवन या ऑफिससाठीच्या ऑल-इन-वनांपैकी काही मॉडेलांत तो मिळतो. अशी जुनी मशीन रास्त भावात हाती लागली, तर त्याच सॉकेटात बसणारा तगडा प्रोसेसर टाकायची सोय राहते. खुडबुड करणाऱ्यासाठी हे घबाडच आहे.

पट्टी टाकली, नाव बदललं!

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक आय-फाइव्ह आणि आय-सेव्हन लॅपटॉप-प्रोसेसरांत 'आयरिस एक्सई' नावाचं ग्राफिक्स येतं. पण मशीनमध्ये रॅमची एकच पट्टी असली, तर विंडोज त्याच ग्राफिक्सचं नाव साधं 'यूएचडी' म्हणून दाखवतं. दुसरी पट्टी बसवा, मशीन चालू करा, आणि तिथंच 'आयरिस एक्सई' झळकतं. प्रोसेसर तोच, मशीन तीच!

कारण असं की या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच हिस्सा घेतं. पट्ट्या दोन झाल्या की ये-जा करायची वाट दुप्पट रुंद होते आणि ग्राफिक्सला मोकळा श्वास मिळतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, फोटो अल्बम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. १६ जीबीच हवी असेल, तर एका मोठ्या पट्टीपेक्षा ८-८च्या दोन बऱ्या. पुढे ३२वर जायचा बेत पक्का असेल, तरच १६ची एक घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवा. आणि घेण्याआधी एक प्रश्न विचाराच: "जागा दोन आहेत का एकच?" काही मॉडेलांत एकच असते, काहींत रॅम बोर्डावरच डागलेली असते.

पट्टी बसवणं अवघड नाही, पण तिची एक रीत आहे. अडॅप्टर काढायचा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून धातूला हात लावायचा. पट्टी वरून सरळ दाबायची नसते. ती तिरकी धरून खाचेत सरकवायची, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले की हलकेच खाली टेकवायची. दोन्ही बाजूंचे पत्र्याचे चिमटे 'टक्-टक्' मिटतात. एकच 'टक्' ऐकू आला, तर एक बाजू बसलेली नाही. डीडीआर ४च्या पट्टीला २६० टोकं असतात, डीडीआर ५च्या पट्टीला २६२, आणि मधली खाच दोन्हींत वेगळ्या ठिकाणी असते. चुकीची पट्टी म्हणूनच बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टीवरचं लेबल वाचा.

६९ जीबी गेली कुठं?

१ टीबीची डिस्क घेतली आणि विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसली, म्हणून दुकानात परत जाणारे पुष्कळ. यात कोणीच फसवलेलं नाही. कंपनी १००० च्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. तेवढाच फरक.

खरी जादू वेगात आहे. ५४०० फेऱ्यांची जुनी फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते. साटा एसएसडी ५५० च्या आसपास जाते आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी साडेतीन हजारांपर्यंत. जुन्या ऑल-इन-वनवर एकाच गोष्टीला पैसे लावायचे असतील, तर मी डोळे झाकून एसएसडी म्हणेन. एसएसडीच्या एम.२ कार्डावरचा '२२८०' हा आकडा म्हणजे मॉडेल नंबर नव्हे, ते माप आहे: रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०. फक्त एक सांभाळा. साटा आणि एनव्हीएमई अशी दोन्ही प्रकारची कार्डं याच आकारात येतात आणि काही मशीनींत त्यातलं एकच चालतं.

मात्र एसएसडी आणि रॅम टाकली म्हणजे जुनी मशीन विंडोज ११ला पात्र ठरते असं नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११ साठी टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण ८व्या पिढीपासून पुढचा. त्याआधीच्या मशीनवर लिनक्स झकास चालतं.

जॉब्स 'नाही' म्हणाले, इंजिनीअरने केलंच

पाठ उघडते की नाही हे भांडण ४० वर्षांहून जुनं आहे. २४ जानेवारी १९८४ला आलेला पहिला मॅकिंटॉश म्हणजे ऑल-इन-वनच: ९ इंची पडदा, १२८ केबी रॅम. ती वाढवायला जागा नव्हती आणि पेटी उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागायचा. बोर्डाचा इंजिनीअर बरेल स्मिथ याला ही रॅम लवकरच अपुरी पडणार हे दिसत होतं. त्याने बोर्डावर काही जादा रेषा ओढून ठेवल्या, म्हणजे पुढे मोठ्या चिप मिळू लागल्या की सोल्डरिंग येणाऱ्याला त्या बसवता येतील. स्टीव्ह जॉब्स यांचा याला विरोध होता. जास्त मेमरी हवी तर लोकांनी नवी मशीन घ्यावी, असं त्यांचं मत. रेषा तशाच राहिल्या. मला स्मिथ पटतो.

ॲपलने पुढे दोन्ही टोकं गाठली. २७ इंची आयमॅकला मागे रॅमसाठी चिमुकला दरवाजा होता आणि तो उघडायचं बटण पॉवर केबलच्या मागे लपलेलं. केबल काढल्याशिवाय ते दिसायचंच नाही! २०२०च्या मॉडेलमध्ये या दारातून १२८ जीबीपर्यंत रॅम टाकता यायची. २०२१च्या २४ इंची आयमॅकला दारच नाही. दुकानात जेवढी निवडली तेवढीच जन्मभर. तो इतका सडपातळ आहे, ११.५ मिलिमीटर, की हेडफोनची पिन मागून आत मावत नाही. म्हणून तिचं भोक बाजूच्या कडेला आहे. इंटरनेटच्या केबललाही जागा नव्हती, ती अडॅप्टरमध्ये गेली.

पारा ४५च्या पुढे

आता आपला खरा विषय. आयमॅकसाठी कंपनीने लिहून दिलेलं चालण्याचं तापमान १० ते ३५ अंश, इतर बहुतेक कंपन्यांचंही जवळपास हेच. त्याच कागदावर उंचीची मर्यादा ५००० मीटर आहे. चिखलदरा १११८ मीटरवर, म्हणजे तिथं चिंता नाही. चिंता खाली आहे. मे २०२४मध्ये पारा ४५च्या पुढे गेला आणि उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात प्रशासनाने कलम १४४ लावलं. अशा दुपारी बंद खोलीत ३५ अंश ही चैनच.

मशीन लगेच जळत नाही. इंटेलचे बहुतेक लॅपटॉप-प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात. बारीक पेटी, छोटा पंखा, आत येणारी हवाच गरम. त्यामुळे भर उन्हाळ्यात आय-सेव्हनचा जादा दम बराचसा वाया जातो आणि तो आय-फाइव्हच्या जवळ येऊन बसतो. बजेट आखडतं असेल, तर वऱ्हाडात राहणाऱ्याने आय-सेव्हनचे जादा पैसे रॅम आणि एसएसडीवर लावावेत. हे माझं ठाम मत आहे.

कूलरचं काय? कूलर हवाच, पण मशीन त्याच्या तोंडासमोर नको. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथं कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर कसा चढतो, हे घरोघरी माहीत आहे. पंख्यासोबत उडणाऱ्या तुषारांतून तेच क्षार टेबलावर आणि मशीनच्या जाळीवर येतात. त्यात कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासचा तंतू. ओल, क्षार, धूळ आणि तंतू एकत्र आले की जाळीवर नमदा तयार होतो आणि पंखा नुसताच घरघरतो. मशीन कूलरच्या बाजूला ठेवा, भिंतीपासून वीतभर सोडा. गरम हवा बहुतेक मॉडेलांत वरच्या किंवा मागच्या जाळीतून निघते, तेव्हा आईने हौसेने विणलेला रुमाल टीव्हीवर शोभतो, ऑल-इन-वनच्या डोक्यावर नको. पावसाळा उतरला की एकदा आणि होळीच्या आधी एकदा, मऊ ब्रशने जाळी साफ करा.

"व्होल्टेज लय कमी आहे, लावू का नको?"

लावा. अडॅप्टरवर बारीक अक्षरात '१००–२४० व्होल्ट' छापलेलं असतं. ट्यूबलाइट फडफडते, कूलर मंदावतो, तेव्हाही ऑल-इन-वन चालू शकतो. अमेरिकेतल्या भावाने तिकडून पाठवला तरी पिन बदलली की काम भागतं. त्याला धोका आहे तो गेलेली वीज झटक्यात परत येते तेव्हाचा. लॅपटॉपसारखी बॅटरी आत नसते, म्हणून यूपीएस हवाच. घरगुती ऑल-इन-वनचा अडॅप्टर बहुधा ६५ ते १२० वॉटचा असतो, तेव्हा ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो.

आणि हो, पाठवणाऱ्या भावासाठी: ३ ऑगस्ट २०२३च्या केंद्राच्या अधिसूचनेत लॅपटॉप आणि टॅबलेटसोबत ऑल-इन-वनही आयात-निर्बंधांच्या यादीत नाव घेऊन आला. पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या एका नगाला परवान्यातून सूट ठेवली गेली, आयातशुल्क मात्र भरावं लागतं.

मुरंब्याचा माणूस

अमरावती-अकोला वाटेवर मूर्तिजापूर लागतं. त्याच तालुक्यातलं मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचं जन्मगाव, साल १९४६. अमेरिकेने भारताला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१मध्ये भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' तयार झाला. एकच महाकाय प्रोसेसर बनवण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिप त्यांनी एकमेकींना जोडल्या: अनेक नोड, मिळून एक ताकद. जास्त हवी तर नोड वाढवा! आज दुकानातला साधा ऑल-इन-वनही ती ताकद सहज ओलांडतो, पण भाग जोडत जाऊन मशीन वाढवायची कल्पना इतक्या मोठ्या प्रमाणावर खरी करणारा माणूस आपल्या मुरंब्याचा. याचा मला फार अभिमान वाटतो.

पडदा वाचवणारं भोक

ऑल-इन-वनचं सगळ्यात मोठं दुखणं: बोर्ड गेला की चांगला पडदाही अडगळीत. उपाय मात्र काही मॉडेलांत असतो. मागे 'एचडीएमआय इन' असेल तर लॅपटॉप जोडा, पडदा नुसता मॉनिटर म्हणून चालतो. 'इन' आणि 'आऊट' दोन्हींचा आकार अगदी सारखा, म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून शेजारचं अक्षर वाचा. २००९ ते २०१४ मधल्या बऱ्याच आयमॅकांत अशी सोय होती, पुढे ती बंद झाली.

एक शेवटचं, स्वस्तातलं. वीज गेल्यावर मशीनची तारीख मागे जाते, मग बँकेची साइट उघडत नाही आणि दोष इंटरनेटला मिळतो. साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं, तारीख चुकली की ब्राउझर दार लावून घेतो. बोर्डावरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, एवढंच. मशीन चार-पाच वर्षांची असेल आणि रॅमसाठी पाठ उघडलीच असेल, तर त्याच बैठकीत तो सेलही बदलून टाका.