उंदराचा त्रिकोण, माशाचे चार दिवस

बोरगाव मेघे आता वर्धा शहराला इतकं चिकटलंय, की गाव कुठे संपतं आणि शहर कुठे लागतं ते नवख्याला कळू नये. तरी आषाढ लागला की इथल्या माणसाची नजर ढगांकडे आणि पाय कृषी केंद्राकडे वळतात. ज्याचं स्वतःचं वावर प्लॉटांत गेलं, त्याच्या भावाचं किंवा साडभावाचं कुठे तरी असतंच. कपाशी, सोयाबीन, तूर आणि त्यांच्यावरची फवारणी हा पावसाळ्याचा ठरलेला कार्यक्रम. केंद्राच्या फळीवरच्या प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे त्रिकोणात, रंग: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे जालीम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य, एवढं लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ठाऊक असतं.

हा रंग ठरवतो उंदीर. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१मध्ये नियम झाले, त्यांत ही विभागणी आहे. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना, म्हणजे बहुधा उंदरांना, तोंडावाटे औषध देतात आणि निम्मे प्राणी मरायला वजनाच्या किलोमागे किती मिलिग्रॅम लागले ते मोजतात. पन्नासपर्यंत लाल, पाचशेपर्यंत पिवळा, पाच हजारांपर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. निम्मे मारणारी मात्रा मोजण्याची कल्पना ब्रिटिश संशोधक ट्रेव्हन यांनी १९२७मध्ये मांडली, तीही डिजिटॅलिस आणि इन्शुलिनसारख्या औषधांची ताकद ठरवण्यासाठी. तीच पुढे विषांच्या वर्गवारीचा कणा झाली.

फवारणाऱ्या माणसासाठी ही व्यवस्था हवीच. २०१७च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडोंना दवाखान्यात भरती करावं लागलं. पण पाऊस पडला की ते औषध वावरातून नाल्यात उतरतं. धाम, बोर, पोथरा, वणा या नद्यांमधून ते वर्धा नदीच्या वाटेला लागतं, आणि तिथल्या जिवांशी या रंगांचा काही संबंध नसतो.

दोन डबे शेजारी ठेवून पाहू. मोनोक्रोटोफॉस लाल त्रिकोणाचं. माणसाला इतकं घातक, की भाजीपाल्यावर ते वापरायला बंदी आली. सायपरमेथ्रिन पिवळ्या त्रिकोणाचं. आता दोन्ही माशांच्या टाकीत घाला. मोनोक्रोटोफॉसने निम्मे मासे मरायला सहसा लिटरमागे काही मिलिग्रॅम लागतात. सायपरमेथ्रिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९मध्ये संकलित केलेल्या चाचण्यांत हा आकडा बहुतांशी ०.४ ते २.८ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. माणसाला कमी घातक असलेला डबा माशाला हजारपटीहून अधिक घातक ठरतो. पायरेथ्रॉइड गटातली ही रसायनं चरबीत सहज विरघळतात, कल्ल्यांवाटे सरळ रक्तात जातात आणि मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतात. सस्तन प्राण्यांचं यकृत ती लवकर फोडतं. माशाला ते तितकं जमत नाही.

गणित मांडलं तर हा आकडा अंगावर येतो. सायपरमेथ्रिनच्या दहा टक्क्यांच्या द्रावणातून लिटरला एक मिलिलिटर धरून पंधरा लिटरचा पंप भरला, तर त्यात दीड ग्रॅम मूळ विष असतं. लिटरमागे दोन मायक्रोग्रॅम धरले तर एवढं विष साडेसात लाख लिटर पाण्याला पुरतं. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं काठोकाठ भरलं तरी उतार धरून त्यात साधारण वीस लाख लिटर पाणी मावतं. म्हणजे पाणी एक तृतीयांशावर आलेल्या तळ्यासाठी एक पंप बस्स. खरं तळं इतकं सरळ वागत नाही, हेही सांगायला हवं. सायपरमेथ्रिन गाळाला आणि मातीच्या कणांना झटकन चिकटतं, पाण्यात मोकळं थोडंच उरतं, म्हणून काचेच्या टाकीतला आकडा जसाच्या तसा तळ्याला लावता येत नाही. तरीही तळ्याच्या काठावर पंप विसळणाऱ्याला हे गणित कोणी तरी सांगावं.

आता ही चाचणी होते कशी ते पाहू. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची २०३ क्रमांकाची मार्गदर्शिका जगभर पाळली जाते. ती १९८१मध्ये आली आणि २०१९मध्ये सुधारली गेली. मासे आधी प्रयोगशाळेच्या पाण्याला सरावू द्यायचे. चाचणीच्या आदल्या दिवसापासून अन्न बंद, कारण विष्ठेने पाणी बिघडलं तर मासा विषाने मेला की अमोनियाने, हे कळणार नाही. मग किमान पाच टाक्या, प्रत्येकीत चढत्या प्रमाणात रसायन आणि किमान सात मासे. एक टाकी निव्वळ पाण्याची. त्या साध्या पाण्यातलेच मासे दहा टक्क्यांहून जास्त मेले तर सगळी चाचणी रद्द. विरघळलेला प्राणवायू संपृक्ततेच्या साठ टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही. मोजणी चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर आणि शहाण्णव तासांनी. चारच दिवस का, याची एक गंमत विषशास्त्राच्या वर्गात सांगतात: सोमवारी लावलेली चाचणी शुक्रवारी उरकते, शनिवार-रविवार कोणाला यावं लागत नाही.

मासा मेला हे ठरवण्याचीही रीत आहे. काचेच्या कांडीने शेपटीच्या बुंध्याला हळूच स्पर्श करायचा. कल्ल्याची झाकणी हलत नाही, अंग दचकत नाही, तर वहीत मृत लिहायचं. त्याआधीची अवस्था पाहणं जास्त अवघड आहे. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड वासतात, कल्ले भराभर हलवतात, अंगावर चिकट थर धरतात, तोल जाऊन कुशीवर पोहतात, मधेच गिरकी घेतात. पूर्वी वहीत बहुधा मेले की जगले एवढंच येई. २०१९च्या सुधारणेने ही लक्षणंही नोंदवणं आवश्यक केलं. दहा टक्के मेलेली टाकी आणि दहा टक्के मेलेली पण बाकीचे सगळे कुशीवर पडलेली टाकी कागदावर सारख्या दिसत, ते आता होणार नाही.

टाक्यांतल्या मृत्यूंची रेघ काढून मधला बिंदू शोधण्याचं गणित ब्लिस यांनी १९३४मध्ये दिलं. मिळतो तो आकडा म्हणजे चार दिवसांत निम्मे मासे मारणारी तीव्रता. तो वाचताना गफलत होते ती इथेच. हा आकडा सुरक्षित मर्यादा सांगत नाही. निम्मे मेले तिथे तो थांबतो. म्हणून युरोपच्या नोंदणीपद्धतीत पाण्यातलं अपेक्षित प्रमाण आणि हा आकडा यांत शंभरपटीचं अंतर मागतात.

मासा कोणता, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका झेब्रा मासा मुळात आपल्याकडचाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२मध्ये गंगाखोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची पहिली नोंद केली. सांडपाण्याच्या चाचणीसाठी भारतीय मानक ब्यूरोनेही तोच निवडला आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयांत मात्र प्राणिशास्त्राचे विद्यार्थी शिंगी, मांगूर किंवा मरळीच्या जातीचे मासे घेतात. कारण समजण्यासारखं आहे: ते बाजारात जिवंत मिळतात आणि टाकीत टिकतात. पण ते टिकतात कारण पाण्यावर येऊन हवेतला प्राणवायू घेण्याची सोय त्यांच्या अंगात आहे. गढूळ, साचलेल्या डबक्यात जगणारा मासा घेऊन आकडा काढायचा आणि तो रोहू-कटल्याच्या बोटुकल्यांना लावायचा, हे माझ्या मते बरोबर नाही. पहिलवानाच्या नाडीवरून तान्ह्या मुलाची औषधमात्रा ठरवू नये.

पाणीही तितकंच बोलतं. आर्वी, आष्टी, कारंजा भागातले संत्रा बागायतदार झाडांना मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात. मोरचुदातलं तांबं मऊ पाण्यात माशाला फार लवकर मारतं. जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार त्याचा जोर कल्ल्यापाशीच कमी करतात. काळ्या दगडाच्या या मुलखात विहिरीचं पाणी बहुधा जड. तेव्हा मऊ पाण्याच्या देशातला आकडा इथे आणला तर धोका फुगून दिसेल. उलट पाऊस नुकताच कोसळून नाला भरलेला असताना पाणी बरंच मऊ झालेलं असतं, आणि फवारा धुऊन येण्याची वेळही तीच.

विषाने मासे मारण्याचं ज्ञान विदर्भाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. गेळफळ, हिंगणबेट यांतला साबणासारखा फेसणारा अंश कल्ल्यांना इजा करतो, हे रानाकाठच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मत्स्यशेतीत त्याचाच शिस्तीत उपयोग होतो. बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले, मांसभक्षक मासे काढायला मोहाची पेंड टाकतात, दहा लाख भाग पाण्याला दोनशे ते अडीचशे भाग. मेलेले मासे खाता येतात, दोन-तीन आठवड्यांत विष ओसरतं आणि पेंडीचं खत होतं. सगळ्या विषांनी एवढं शहाणपण दाखवलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. त्याच ज्ञानाचं भ्रष्ट रूपही दिसतं: डोहात कीटकनाशक ओतून मासे पकडणं. पाण्यात विष घालून मासे मारण्याला १८९७च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यातच मनाई आहे.

मासा वाचला म्हणजे पाणी वाचलं, असंही नाही. हिरव्या त्रिकोणाचं क्लोरअँट्रानिलिप्रोल उंदराला आणि माशाला फारसा त्रास देत नाही. पाणपिसूला मात्र ते मायक्रोग्रॅमच्या मात्रेतच मारतं. पाणपिसू आणि तिच्यासारखे सूक्ष्म जीव हेच माशाच्या पिलांचं अन्न. चार दिवसांच्या चाचणीत, तीही उपाशी ठेवलेल्या माशांवरच्या, ही उपासमार दिसण्याची सोयच नाही.

कायद्याने माशाला एका ठिकाणी साक्षीदार केलं आहे, तेही थेट. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांनुसार कारखान्याच्या निव्वळ, पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात मासे सोडायचे आणि शहाण्णव तासांनी त्यांतले नव्वद टक्के जिवंत असायला हवेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रांत ही अट असते. आम्ल-विम्लाचे, जड धातूंचे वेगवेगळे आकडे सगळे मर्यादेत असूनही एकत्र मिसळल्यावर पाणी मारक ठरू शकतं. ते मासाच सांगतो. मला ही अट फार आवडते.

पण ती लागू होते नळीच्या तोंडाशी. कारखान्याला नळी असते, मालक असतो, संमतिपत्र असतं. कपाशीच्या वावरातून उतरणाऱ्या पाण्याला यांतलं काहीच नाही. ते शंभर धुऱ्यांवरून एका नाल्यात येतं. नदीचे नमुने घेतले जातात ते ठरलेल्या महिन्याच्या फेरीत, आणि पायरेथ्रॉइड तर पावसाच्या पहिल्या लोंढ्यासोबत येऊन दिवस-दोन दिवसांत गाळात बसतं. तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेला सकाळी पांढरी पोटं वर आलेली दिसतात तेव्हा बाटलीत भरायला पुराव्याचं पाणी उरलेलं नसतं. गाळ आणि मेलेला मासा बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवला तर काही हाती लागू शकतं. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था इथून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. वर्ध्यातल्या विज्ञान महाविद्यालयांनी शिंगीवरचा आणखी एक आकडा काढण्याऐवजी जुलै ते सप्टेंबर दर मोठ्या पावसानंतर धामेच्या पाण्यात रोहूची बोटुकली चार दिवस ठेवून पाहावीत.