पूरग्रस्तांच्या मानसिक आघाताचे मापन

आघाताचा मनावरील परिणाम मोजण्यासाठी ‘घटना-प्रभाव श्रेणी’ वापरली जाते. हॉरोविट्झ व सहकाऱ्यांनी ती १९७९ मध्ये मांडली. वाइस व मार्मर यांच्या १९९७ च्या सुधारित श्रेणीत २२ विधाने आहेत. नकोशा आठवणी, टाळाटाळ व अतिसजगता यांचा गेल्या सात दिवसांतील त्रास प्रत्येक विधानास ० ते ४ गुण देऊन नोंदविला जातो. हे गुण म्हणजे रोगनिदान नव्हे.

ही श्रेणी एकच, सरलेली घटना गृहीत धरते. शिरोळ तालुक्यात २०१९ पाठोपाठ २०२१ मध्येही महापूर आला. तेथे ‘ती घटना’ कोणती समजावी? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागताच रात्रभर जागून जनावरे हलविणारा शेतकरी अतिसजग ठरेल. वस्तुतः तो शहाणा असतो. टाळाटाळीचेही तसेच. ज्याला पंचनाम्यासाठी पडक्या घराची हकिकत पुनःपुन्हा सांगावी लागते, त्याला त्याविषयी बोलणे टाळता येतच नाही. परिणामी त्याचे या घटकातील गुण कमी येतात आणि तो सावरल्याचा भास होतो. शिवाय जानेवारीतील सात दिवस व जुलैतील सात दिवस सारखे नसतात. म्हणून गुणांसोबत मापनाची तारीख आणि त्या दिवशीची नदीची पातळी नोंदविणे अगत्याचे आहे.