वॉरंटी नेमकी कोणाची?

चार्जर, पॉवर बँक, हेडफोन, मेमरी कार्ड या वस्तू आता चैनीच्या राहिलेल्या नाहीत. शेतकऱ्याला बाजारभाव कळतो, विद्यार्थ्याला पाठ पाहता येतो आणि किरकोळ दुकानदाराला आपले पैसे मिळतात, ते मोबाइल चालू असेल तरच; आणि मोबाइल चालू राहतो तो या जोडवस्तूंच्या आधारे. पूर्वी अशी वस्तू गावातील ओळखीच्या दुकानातून घेतली जात असे. आज ती ऑनलाइन बाजारपेठेतून घरपोच मागविण्याकडे कल वाढला आहे. या व्यवहारात उत्पादक एक, बाजारपेठ चालविणारी संस्था दुसरी आणि प्रत्यक्ष विक्रेता तिसराच, अशी रचना असते. वस्तू चालू असते तोवर हा भेद कोणाच्या ध्यानात येत नाही. ती बंद पडली म्हणजे मात्र दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न उभा राहतो.

समजा, जालना जिल्ह्यातील एका शिक्षिकेने १,४०० रुपयांची पॉवर बँक मागविली आणि ती चौथ्या महिन्यात बंद पडली. उत्पादकाचे सेवा केंद्र म्हणते, ‘हा विक्रेता आमचा अधिकृत विक्रेता नव्हे.’ विक्रेता उत्पादकाकडे बोट दाखवितो आणि बाजारपेठ सांगते की, परतीची मुदत संपली. रक्कम लहान असल्याने बहुतेक ग्राहक येथेच हात टेकतात. वस्तुतः कायद्याने या तिघांवरही जबाबदाऱ्या टाकलेल्या आहेत. त्या समजून घेणे अगत्याचे आहे.

हमी आणि कायदा

वॉरंटी म्हणजे विशिष्ट मुदतीत दोष आढळल्यास वस्तू दुरुस्त करून अथवा बदलून देण्याचे वचन होय. हे वचन कोणी दिले आहे, ते प्रथम पाहावे. हमीपत्रावर उत्पादकाचे नाव असेल तर ती उत्पादकाची हमी ठरते. पण ‘विक्रेत्याची वॉरंटी’ असे लिहिले असेल तर उत्पादकाचे सेवा केंद्र तिला बांधील राहत नाही. परदेशातून समांतर मार्गाने आणलेल्या मालाची उत्पादकीय हमी पुष्कळदा मूळ देशापुरतीच मर्यादित असते. मूळ यंत्राला एक वर्षाची हमी असली तरी सोबतच्या चार्जरची किंवा केबलची मुदत सहाच महिन्यांची असू शकते. आपटल्याने, पाणी गेल्याने किंवा वस्तू अन्यत्र उघडल्याने झालेला बिघड बहुधा हमीतून वगळलेला असतो.

तथापि, हमी हे एकच साधन ग्राहकाच्या हाती आहे, असे समजू नये. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यानुसार सदोष मालाविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क हमीपत्रावर अवलंबून नाही. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि अशी मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच होय.

बाजारपेठेची आणि विक्रेत्याची जबाबदारी

ऑनलाइन व्यापारासाठी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० करण्यात आले. विक्रेत्याचे नाव, पत्ता व ग्राहक सेवा क्रमांक, तसेच परतावा, बदली व हमी यांची माहिती ग्राहकाला ठळकपणे दिसेल अशी देणे बाजारपेठेवर बंधनकारक आहे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता व संपर्काचा तपशीलही तिने द्यावयाचा आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांच्या आत द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असे हे नियम सांगतात. माल सदोष वा बनावट असल्यास, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसल्यास, तो परत घेण्याचे विक्रेत्याला नाकारता येत नाही. ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’ किंवा ‘कंपनीकडे जा’ एवढे उत्तर देऊन म्हणूनच या दोघांची सुटका होत नाही.

खरेदीपूर्वीची दक्षता

खरेदी करण्यापूर्वी विक्रेत्याचे नाव वाचावे. उत्पादकाच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असल्यास ती पडताळावी. हमी कोणाची, किती महिन्यांची आणि सेवा केंद्र कोठे, हे वाचून त्या पानाचे चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवावे. कारण पुढे ते पान बदलू शकते. पॉवर अडॅप्टर व पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर मानक चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक तपासता येतो. निकृष्ट पॉवर बँक तापून पेट घेऊ शकते. ही तपासणी म्हणूनच पैशापुरती नाही, घरातील माणसांच्या सुरक्षिततेचीही आहे.

पार्सल उघडताना चित्रफीत घ्यावी. वेष्टनावर उत्पादकाचे अथवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा तपशील आहे काय, ते पाहावे. वेष्टन हमीची मुदत संपेपर्यंत ठेवावे. बिलावर विक्रेत्याचे नाव, दिनांक आणि वस्तूचे मॉडेल आहे, याची खात्री करावी. अनुक्रमांक नसल्यास वस्तूवरील क्रमांकाचे छायाचित्र बिलासोबत ठेवावे. हमीची मुदत सामान्यतः बिलाच्या दिनांकापासून मोजली जाते.

वस्तू बिघडल्यास

प्रथम उत्पादकाकडे लेखी तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. वस्तू सेवा केंद्रात देताना जॉब शीट मागावे व त्यावर बिघडाचे वर्णन बरोबर लिहिले आहे, हे पाहावे. केंद्राने नकार दिल्यास त्याचे कारण लेखी मागावे. ‘अनधिकृत विक्रेता’ हे कारण असेल तर तेच पत्र विक्रेत्याला व बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावे; कारण विक्रीच्या वेळी उत्पादकाची हमी जाहीर केली असेल, तर माल जाहिरातीप्रमाणे नव्हता, याचा तो पुरावाच ठरतो. उपरोक्त शिक्षिकेने जपलेले पानाचे चित्र येथे कामी येते.

एवढ्याने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. परंतु ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोडीचा मार्ग मोकळा करते. त्यानंतरचा टप्पा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. कंपनीच्या शहरी जावे लागत नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. वकील नेमलाच पाहिजे, असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल करता येते. उत्पादक, विक्रेता व बाजारपेठ या तिघांनाही प्रतिपक्ष करता येते. मग जबाबदारी कोणाची, हे आयोग ठरवितो.

ग्राहकाची कसोटी

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना १९७५ मध्ये झाली. संसदेने पहिला ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये केला, त्याआधीची ही गोष्ट. त्या काळी वजन, माप आणि भेसळ हे ग्राहकाचे मुख्य प्रश्न होते. आज फसवणुकीचे रूप बदलले असले तरी उपाय तोच आहे: माहिती घेणे, पावती जपणे आणि लेखी दाद मागणे. १,४०० रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु अशा लहान रकमा मुकाट्याने सोडणारे ग्राहक हजारोंच्या संख्येने असतात, म्हणूनच सदोष माल विकणे काही विक्रेत्यांना परवडते. एकाने केलेली रीतसर तक्रार त्याच्या पाठीमागून येणाऱ्या अनेकांची वाट सुकर करते. तेव्हा पुढील पार्सल दारी येईल, तेव्हा वस्तूबरोबर तिची पावतीही सांभाळून ठेवावी.