पावसात भिजणारा टी-रेक्स

नकली पावसाचे फवारे सुरू झाले की थोड्या वेळाने तो थरथरायला लागायचा. जवळजवळ चाळीस फूट लांब, कित्येक टन वजनाचा यांत्रिक टी-रेक्स डायनोसॉर! स्टॅन विन्स्टन यांच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यशाळेत बांधलेलं हे धूड कोरड्यात उत्तम हलत होतं. पण ‘ज्युरासिक पार्क’मधला (१९९३) त्याचा मुख्य प्रसंगच मुसळधार पावसातला. कातडी फोम रबराची, म्हणजे जवळपास स्पंजच. ती पाणी पीत राहिली, वजन वाढलं आणि कोरड्या वजनाच्या हिशेबाने बसवलेली हायड्रॉलिक यंत्रणा डगमगू लागली. मग दोन शॉटच्या मधल्या वेळात माणसं टॉवेल घेऊन त्याचं अंग टिपत असत.

त्याला हलवायची रीत तर मला फारच आवडते. त्याचीच एक छोटी प्रतिकृती होती. चौघं मिळून तिची मान, जबडा, शेपूट हलवायचे आणि संगणकामार्फत तीच हालचाल मोठा टी-रेक्स करायचा. कळसूत्री बाहुलीच ती, दोरीच्या जागी तेलाचा दाब.

टी-रेक्स येण्याआधी पेल्यातल्या पाण्यावर उठणारी ती वर्तुळं आठवतात? स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या मायकेल लँटिएरी यांनी गाडीत पेल्याखाली गिटारची तार ताणून बसवली होती. खालून तार छेडली की वर पाणी शहारायचं.

१२७ मिनिटांच्या सिनेमात डायनोसॉर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातली संगणकाची सहाच्या आसपास, बाकी यंत्रांची आणि पोशाख घातलेल्या माणसांची. टी-रेक्स कुंपण ओलांडून सगळ्या देहानिशी रस्त्यावर येतो, तो संगणकाचा. गाडीच्या खिडकीशी डोळा आणून रोखून बघतो, तो विन्स्टनचा. एकाच प्रसंगात दोघांची अदलाबदल होत राहते आणि सांधा सापडत नाही. ओल्या कातडीवर उजेड कसा चमकतो, हे दाखवणारं खरंखुरं धूड समोर होतं. संगणकाचा टी-रेक्स आजही खोटा वाटत नाही तो त्यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

संगणकाच्या या यशामुळे ॲनिमेटर फिल टिपेट यांच्यावर मात्र कठीण वेळ आली. दूरवरचे डायनोसॉर ते छोट्या बाहुल्या चित्रचौकटीगणिक हलवून करणार होते. संगणकावरची चाचणी पाहिल्यावर, आता आपणच नामशेष झालो, अशा अर्थाचं ते बोलून गेले; दिग्दर्शक स्पीलबर्गनी तो संवाद सिनेमातच घेतला. पण टिपेट यांना घरी जावं लागलं नाही. प्राणी पाय टाकताना भार कुठे देतो, हे त्यांच्या माणसांच्या बोटांत मुरलेलं होतं. त्यांच्यासाठी सांध्यासांध्यात सेन्सर बसवलेला धातूचा सांगाडा तयार झाला. ते तो पूर्वीसारखाच हाताने थोडा थोडा हलवायचे आणि पडद्यावरचा डायनोसॉर त्यांच्या हातांनी पाऊल टाकायचा.