दूरदर्शनवर पाहण्याजोगे काय?

उन्हाळा तापू लागला की चिकलठाण्याचे नाव वर्तमानपत्रांत येऊ लागते. छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला आपण औरंगाबाद म्हणत होतो त्या शहराचे, तापमान म्हणून जो आकडा छापला जातो तो चिकलठाण्याच्या वेधशाळेतला. विमानतळ तेथेच, कारखान्यांची वसाहत तेथेच, आणि शेतीवाडी सांभाळून असलेली जुनी घराणीही तेथेच. आकडा एकच, पण दुपारपाळीला निघालेला कामगार तो ऐकून डोक्याला रुमाल बांधतो, आई मुलाला उन्हात खेळायला सोडत नाही, आणि शेतकरी पाण्याच्या पाळीचा विचार करू लागतो. या आकड्यात कोणाच्या मालाची जाहिरात नाही, की कोणा पुढाऱ्याची स्तुती नाही. तो खरा आहे, वेळेवर सांगितलेला आहे आणि सर्वांच्या उपयोगाचा आहे.

सार्वजनिक दूरचित्रवाणी कशी असावी असे कोणी विचारले, तर प्रथम या साध्या आकड्याकडे बोट दाखवावे. पण माणूस काही केवळ हवामानावर जगत नाही. त्याला गोष्ट हवी, गाणे हवे, दिवसभराच्या दगदगीनंतर चार घटका हसू हवे. मग शेकडो वाहिन्यांच्या या बाजारात जनतेच्या मालकीच्या वाहिनीने काय दाखवावे? आणि आपण तरी ती का पाहावी?

खोका आमचा, माणसे कोणाची?

मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्रे दिसू लागली. मराठवाड्याचे काय? मराठवाडा तेव्हा रेडिओवरच संतुष्ट होता. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आपल्या शेजारी नांदत असलेल्या गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतल्या खेडुतांनी चावडीवर बसून तो पडदा पाहिला. आपल्या वाट्याला मात्र तो आला नाही.

पुढे प्रक्षेपक आले, म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला आणि घराघरांच्या गच्चीवर अँटेना दिसू लागल्या. दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला १९८२ साली, हिंदीत आणि इंग्रजीत. मराठी उपग्रह वाहिनी व्हावयास १९९४ साल उजाडले, आणि तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले ते २००० साली. गंमत अशी, की ज्या शहराला मराठी चित्रांची एवढी वाट पाहावी लागली, त्याच शहराजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला, व्हिडिओकॉनचा कारखाना देशभर टीव्ही संच पाठवीत होता! ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. पण त्या भरभराटीच्या दिवसांतही खोका आमचा आणि खोक्यातली माणसे परक्या गावची, असाच प्रकार होता.

म्हणून पहिली कसोटी ही, की पडद्यावर आपली माणसे आपल्या बोलीत दिसतात काय? मुंबई दूरदर्शनच्या जुन्या शेतकी कार्यक्रमाचे नावच मुळी 'आमची माती, आमची माणसं'. शिवाजी फुलसुंदर यांनी सादर केलेल्या 'गप्पागोष्टी'त राजा मयेकरांसारखा कसलेला नट गावच्या पारावरच्या थाटात बोले आणि बोलता बोलता एखादी उपयुक्त गोष्ट सांगून जाई. बातम्या वाचणारेही तसेच तोलामोलाचे. चित्रपटात नाव होण्यापूर्वी स्मिता पाटील येथेच मराठी बातम्या वाचीत असत, आणि प्रदीप भिडे यांचे शुद्ध, ठाशीव उच्चार ऐकून कित्येक घरांतल्या मुलांनी 'न' आणि 'ण' यांतला फरक ओळखला. भाषेचा असा वर्ग फी न घेता रोज संध्याकाळी घरात भरत असे.

शिकवावे, पण शिकवणी घेऊ नये

सार्वजनिक वाहिनीने लोकांना शहाणे करावे, हे सर्वांनाच मान्य आहे. पण उपदेशाचा डोस कितीही गुणकारी असला, तरी पेल्यात ओतलेला पाहून पोरे पळतात, थोरेही पळतात. 'हम लोग' या मालिकेची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. १९८४-८५ साली ही मालिका दाखविली गेली ती मेक्सिकोतल्या एका प्रयोगाच्या धर्तीवर, लहान कुटुंब आणि स्त्रियांचा मान या गोष्टी गोष्टीरूपाने मनावर ठसाव्यात म्हणून. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार दोन शब्द सांगत. प्रेक्षकांची पत्रे आली ती लाखांनी. परंतु भागवंती ही सदा सोसणारी आई ज्यांनी 'असे होऊ नका' म्हणून रंगविली, त्यांना पुढे अभ्यासकांकडून कळले, की पुष्कळ प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! प्रेक्षक हा काही कोरी पाटी नव्हे. तो आपले मन घेऊन पडद्यासमोर बसतो. त्याला शिकवावयाचे तर त्याच्या मनाशी आधी ओळख करून घ्यावी लागते.

ती ओळख ठेवून केलेले काम कसे असते, याचा दाखला करोनाच्या दिवसांत मिळाला. शाळांना कुलपे लागली. ज्या घरात एकच मोबाईल, आणि तोही बाप कामावर घेऊन जाणार, त्या घरातल्या मुलाने शिकावे कसे? शहरातल्या वाड्यांत आणि कारखान्यांभोवतीच्या खोल्यांत हा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला. २० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांना धरून, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती. फळ्यापुढे उभे राहून केलेले भाषण त्यात नव्हते. घरातल्याच वस्तू घेऊन, घरातल्याच माणसांबरोबर काहीतरी करून पाहावयाचे, असा सारा घाट होता. इंटरनेट लागत नव्हते, की दरमहा वर्गणी लागत नव्हती. अशा वेळी कळते, की सार्वजनिक वाहिनी ही गावच्या विहिरीसारखी आहे. घरोघरी नळ आले तरी ती बुजवू नये. नळ कोरडे पडले की सारा गाव तिच्याच काठावर येतो.

सरकारी आणि सार्वजनिक

येथे एक खुलासा केला पाहिजे. सरकारी म्हणजेच सार्वजनिक, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती खरी नव्हे. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, दूरदर्शन सरकारचे ढोलके झाले होते, हे सर्वश्रुत आहे. विरोधकांच्या सभेला गर्दी होऊ नये म्हणून त्या वेळी 'बॉबी' हा चित्रपट दाखविला गेला, असे दिल्लीकर अजून सांगतात. पण याच दूरदर्शनने १९८८ साली गोविंद निहलानींची 'तमस' ही फाळणीच्या दंगलींवरची मालिका दाखविली. ती थांबवावी म्हणून लोक मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती स्वतः पाहिली आणि अर्ज फेटाळला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. जखम झाकून ठेवण्यापेक्षा ती धुऊन काढणे बरे, असे धैर्य एखाद्या वाहिनीने दाखविले, तर ती पाहण्याजोगी झालीच.

कायद्याने तर हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यासारखे मराठी न्यायाधीश ज्या पीठावर होते, त्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने १९९५ साली सांगितले, की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. ती सरकारची खाजगी मिरास नव्हे, तशीच ती सावकाराची दुकानदारीही नव्हे. १९९० साली केलेला प्रसार भारतीचा कायदा १९९७ साली अमलात आला आणि दूरदर्शन कागदोपत्री स्वायत्त झाले. कागदावरचे स्वातंत्र्य पडद्यावर किती उतरते, हे मात्र रोज रात्रीच्या बातम्या पाहून प्रत्येकाने आपले आपण ठरवावे. ज्या बातमीपत्रात मंत्र्याच्या उद्घाटनाला पाच मिनिटे आणि मराठवाड्यातल्या पाणीटंचाईला अर्धे मिनिट, ते बातमीपत्र अजून सरकारीच आहे, सार्वजनिक झालेले नाही, असे खुशाल समजावे.

हसणे ही चैन नव्हे

कित्येक गंभीर मंडळींना वाटते, की सार्वजनिक वाहिनीने करमणुकीच्या भानगडीत पडूच नये. ही चूक आहे. १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव' आले. चिं. वि. जोशींच्या कथा, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ! त्यात कोणाची टवाळी नव्हती. मध्यमवर्गीय माणूस स्वतःलाच हसत होता. आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर एकत्र बसून, कोणी कोणाची नजर न चुकविता हसू शकते, असा विनोद लिहिणे फार अवघड असते. असा कार्यक्रम घर एकत्र आणतो, आणि ही काही लहानसहान लोकसेवा नव्हे.

पुढे १९९० पासून दशकभर 'सुरभि' चालली. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या कला, चालीरीती, कारागीर दाखवीत आणि शेवटी एक प्रश्न विचारीत. उत्तरांची पोस्टकार्डे इतकी येऊ लागली, की अशा स्पर्धांसाठी पोस्टखात्याला अधिक किमतीचे वेगळे कार्ड काढावे लागले! ज्या कार्यक्रमामुळे लोक उठून ग्रंथालयात जातात, वडिलांना प्रश्न विचारतात, पेन हाती घेतात, तो कार्यक्रम संच बंद केल्यावरही चालूच असतो. पाहण्याजोगे काय, याची याहून सोपी कसोटी दुसरी नाही. संच बंद केल्यावर घरात काय उरते? भांडण, हव्यास आणि जांभई, की एखादी चर्चा, एखादा प्रश्न, एखादे गुणगुणणे?

मालकाने झोपू नये

आता थोडे आपल्याविषयी. पूर्वी टीव्हीसाठी वर्षाकाठी परवाना काढावा लागे. ते परवानाशुल्क १९८५ साली रद्द झाले. जाहिराती तर १९७६ पासूनच सुरू झाल्या होत्या. पण दूरदर्शन आजही मुख्यतः आपण भरलेल्या करांवरच चालते. म्हणजे खाजगी वाहिनीचे आपण गिऱ्हाईक आहोत, या वाहिनीचे मात्र मालक आहोत. जमिनीवरचे जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाले असले, तरी 'फ्री डिश'च्या तबकडीवर सह्याद्री आजही मासिक वर्गणीवाचून दिसते. आणि मालक काय करतो? 'तेथे पाहण्यासारखे काही नसते' असे म्हणून बटण दाबतो व पुढे जातो! ज्या विहिरीला कोणी जात नाही, तिच्यातला गाळ काढण्याची तरी कोणाला काय घाई?

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत एवढे करून पाहण्यास हरकत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून सगळ्यांनी मिळून सह्याद्रीवरचे एखादे नाटक, मैफल अथवा शेतीचा कार्यक्रम पाहावा. आवडला तर केंद्राला पत्र लिहावे. न आवडला तर जरूर लिहावे, आणि काय हवे तेही लिहावे: मराठवाड्यातली बोली हवी, चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या नव्या कामांची माहिती हवी, मुलांसाठी विज्ञान हवे, आजीसाठी कीर्तन हवे. चार लाख पत्रांनी नव्हे, तरी चारशे पत्रांनी कार्यक्रम ठरविणाऱ्याची झोप नक्की उडते. घरचे दूध नासले तर गवळ्याला जाब विचारणारी आपली गृहिणी येथेच गप्प का बसते, हे एक कोडेच आहे.

वाहिनी चांगली होईल तेव्हा पाहू, असे म्हणून ती कधीच चांगली होणार नाही. तिच्यावर लक्ष ठेवणारी, प्रसंगी कान धरणारी आणि चांगल्या कामाला मोकळ्या मनाने शाबासकी देणारी घरे जितकी वाढतील, तितके तिच्यावर पाहण्याजोगे वाढेल.