उरलेले सँडविच आणि फोडणीची पोळी

घरचा वाढदिवस असो की कॉलेजचे स्नेहसंमेलन, सँडविच हा पदार्थ हमखास उरतो. पोळ्या कमी पडल्या तर ऐन वेळी चार लाटता येतात. सँडविच मात्र आधी करून ठेवावी लागतात, आणि पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून अंदाजापेक्षा दोन पाव जास्तच आणले जातात. मग दुसऱ्या दिवशी फ्रीजमधल्या डब्यात दहाबारा त्रिकोण शिल्लक! कडा वाळून वाकलेल्या आणि मधला भाग काकडीच्या पाण्याने लिबलिबीत. आपल्या घरांतून या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवलेले आहे. फक्त ते पावासाठी नव्हे, पोळीसाठी शोधले होते. फोडणीची पोळी, कुणी त्याला कुस्करा म्हणतात, हे ते उत्तर.

ते का जमते हे पाहण्यासारखे आहे. पाव शिळा होतो म्हणजे तो वाळतो, अशी आपली समजूत असते. पण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला पावही कडक होतोच. पाव भाजताना पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. थंड झाल्यावर हेच स्टार्च हळूहळू पुन्हा एकमेकांना चिकटून ताठर रचना धरू लागते. ही क्रिया फ्रीजच्या थंडाव्यात सर्वांत जलद चालते. म्हणून नुसता पाव फ्रीजमध्ये ठेवला तर बुरशी उशिरा येते खरी, पण तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. (बर्फाच्या कप्प्यात, म्हणजे फ्रीझरमध्ये, ही क्रिया जवळजवळ थांबते.) उलट साठ अंश सेल्सियसच्या वर उष्णता मिळाली की ही ताठर रचना पुन्हा सैल होते. फोडणीच्या पोळीवर ताकाचा हबका मारून दोन मिनिटे झाकण ठेवतात, ते याचसाठी. रसायनशास्त्राचा पेपर न देताही आपल्या आज्यांना वाफेचे हे मर्म ठाऊक होते.

परंतु पोळी आणि सँडविच यांत एक मोठा फरक आहे. पोळी कोरडी असते. सँडविचच्या पोटात ओली चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो असे बरेच काही असते. मीठ लागले की काकडी-टोमॅटो पाणी सोडतात. लोणी पावाच्या कडेपर्यंत लावायचे ते केवळ चवीसाठी नव्हे. ते पाणी पावात मुरू नये म्हणून. आणि जेथे ओलावा तेथे जंतू. “कढईत खरपूस परतले की सगळे मरते,” हे स्वयंपाकघरातील लाडके वाक्य अर्धेच खरे आहे. जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच तयार केलेले विष उष्णतेने नष्ट होत नाही. हाताळलेल्या अन्नात वाढणारा स्टॅफिलोकॉकस आणि उघड्या राहिलेल्या भातातला बॅसिलस सिरियस हे दोघेही याच जातीचे. म्हणून भरलेले सँडविच दोन तासांच्या आत, आणि विदर्भातल्या मे महिन्यासारखा उन्हाळा असेल तर एका तासाच्या आत, फ्रीजमध्ये गेलेच पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या सँडविचचा मोह धरू नये. बुरशीचा ठिपका तेवढा खुडून उरलेला पाव खाणेही बरे नव्हे. तिचे तंतू सच्छिद्र पावात दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

याचा अर्थ असा की उरलेल्या अन्नाचा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे, त्याच रात्री घ्यायचा असतो. इथे पाककृतीपेक्षा अवघड गोष्ट येते. आपल्याकडे सोपा निर्णय ठरलेला असतो: “सकाळी कामवाल्या मावशींना देऊन टाकू.” त्या शब्दप्रयोगातले ‘टाकू’ नीट ऐकावे. गावगाड्यात दारोदार शिळे तुकडे मागून पोट भरणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या जगण्याचा अनुभव दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली मराठी वाचकांपुढे ठेवला. तो वाचलेल्या पिढीने तरी शिळ्याला दान म्हणू नये. द्यायचेच तर त्याच रात्री, ताजे असताना, आपण खातो तेच द्यावे.

दुसरा ठरलेला निर्णय त्याहून मुकाट्याने होतो: घरातील बाई ते खाते. ताजे सर्वांच्या पानात आणि शिळे तिच्या एकटीच्या, ही काटकसर घराची नसून एकीच्या पोटाची आहे. फोडणीच्या पोळीचे मोठेपण मला यात वाटते की ती सर्वांसाठी केली जाते आणि भावंडांत तिच्यावरून भांडणे होतात. उरलेल्याचा पदार्थ झाला की तो सर्वांच्या पानात जातो. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले साठ टक्के घरांतून गेले, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. तेव्हा हा विषय केवळ बायकांच्या पानांपुरता ठेवू नये.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम सँडविच उकलावे. काकडी-टोमॅटोच्या चकत्या काढाव्यात. त्या आता कामाच्या नाहीत, कुंडीच्या खतात जाऊ द्याव्यात. बटाटा व चटणी राहू द्यावी. चार सँडविचचे, म्हणजे आठ स्लाइसचे, हाताने बोराएवढे तुकडे करावेत. मिक्सर नको, लगदा होतो. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची यांची फोडणी करून त्यात एक कांदा गुलाबी परतावा. पाव घालून चांगला वाफाळेपर्यंत हलवावा आणि मग ताक शिंपडावे. शिंपडावे म्हणजे शिंपडावेच, ओतू नये: स्लाइस आधीच ओलसर असतील तर दोन-तीन चमचे पुरतात. मिठाचा हातही आखडता ठेवावा, कारण पाव, लोणी, चटणी तिन्हींत मीठ आहे. झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ काढावी, वरून लिंबू व कोथिंबीर.

बेसनात बुडवून तळणे हा मार्ग लोकप्रिय आहे, पण पाव तेल पितो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा तो व्यवहार होतो. त्यापेक्षा बेसनाचे पातळसर पीठ सँडविचला बाहेरून लावून तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी भाजावे. जॅमची सँडविच असतील तर साय घातलेल्या गोड दुधात भिजवून, वेलदोडा टाकून, कुकरमध्ये उकडावीत. झकास पुडिंग होते.

राहता राहिल्या त्या कडा, ज्या सँडविच करतानाच कापून बाजूला पडतात आणि ज्यांना कुणी मोजतही नाही. त्या कोऱ्या असतात, म्हणून सर्वांत टिकाऊ. मंद तव्यावर पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत शेकाव्यात, गार झाल्यावर जाडसर कुटाव्यात आणि कोरड्या बरणीत भराव्यात. पुढच्या वेळी कटलेट घोळवायला हा चुरा रव्यापेक्षा सरस ठरतो.